मेसमधली खुर्ची

खोर खुवैरला डोंगर रोज थोडा कमी होतो.
दुपारी एकला सुरुंग, मग भुकटी
डाळीवर, वाळत घातलेल्या बनियनवर, पापण्यांवर.
तीच भुकटी ओपोलोटनं गालांना फासली
आणि म्हणाला, बघ, आता मी लाटसाहेब.

गेट नंबर दोनचा वॉचमन तो. युगांडातल्या सोरोटीचा.
तिकडे शाळेत भूगोल शिकवायचा, नाटकं बसवायचा.
एका नाटकात कोंबडा म्हणाला, मतं पुन्हा मोजा,
तर जिल्ह्याच्या साहेबानं
कोंबडा झालेल्या पोरालाच उचललं.
पुढे त्या पोराचं काय झालं?
मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा त्यानं टॉर्चचे सेल तपासले.

आमचं नाटक असं :
पहिल्या अंकात पांढरा गव्हर्नर खुर्चीवर.
एक झेंडा उतरतो, एक चढतो,
दोन्ही माझ्या स्टोअरमधल्या ताडपत्रीचे.
बादलीभर पाण्यात ओपोलोट तोंड धुतो
आणि त्याच कोटात, त्याच खुर्चीवर
राष्ट्राध्यक्ष होऊन बसतो.
मी म्हटलं, निदान कोट तरी बदल.
तो म्हणाला, तेवढंच तर नाटक आहे,
बाकी सगळं भाषण.

खुर्ची मेसमधली. निळी, प्लास्टिकची, एका हाताला तडा.
मला तिचं नवल नव्हतं.
आमच्या दशावतारात एकच बाकडं,
तेच सिंहासन, तेच रान,
टेकला की राजा.
रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा,
हे मी त्याला समजावलं तेव्हा तो पोट धरून हसला.
मग थांबून म्हणाला,
तुमच्याकडे सकाळ नक्की होते?

शुक्रवारी रात्री सी ब्लॉकच्या मागे,
दोन ट्रकांच्या दिव्यांत, तीनशे माणसं जमिनीवर.
मी सूत्रधार. त्याचं इंग्रजी, माझं मोडकं हिंदी.
खोबरेकर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.
कॅम्प बॉस. माझ्याच तालुक्यातले.
सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात, चावी पट्ट्याला.
दुसरा अंक रंगात होता.
त्यांनी आजूबाजूला पाहिलं, बसायला काही नाही,
तसे सरळ चालत उजेडात आले.

ओपोलोट उठला.
मला वाटलं, संपलं.
त्यानं रुमालानं खुर्ची पुसली,
तडा दाखवून म्हणाला, जपून बसा,
आणि आपला कोट त्यांच्या खांद्यांवर घालून
नाटक तसंच पुढे नेलं.

घानाचा याव म्हातारी होऊन वाकला :
साहेब, विहिरीचे पैसे आले म्हणतात,
विहीर कुठं आहे?
खोबरेकरांनी हात वर केला, आशीर्वादासारखा.
मला हळूच म्हणाले, बरां करतत रे पोरां.
शिपाई आला : साहेब, निवडणूक?
मी भाषांतर केलं.
मग सहाव्या रांगेतून, नाटकात नसलेला,
कुश्तियाचा नूरुल उभा राहिला :
साहेब, मार्चचा पगार?

याला भाषांतर लागलं नाही.
जनरेटर तेवढा बोलत होता.
खोबरेकर अजून हसत होते,
हसू कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना,
परक्या कोटाचा खिसा सापडू नये तसं.

आठवड्यानं नूरुलचा मार्च आला.
फक्त नूरुलचा.
त्याच्याशी कुणी बोलेना, जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.
ओपोलोटला रात्रीतून रुवैसच्या गेटवर हलवलं;
कोट माझ्या स्टोअरमध्ये आहे, पाइपांच्या मागे.
खोबरेकरांनी नाटकाची वही मागितली.
मी म्हणालो, वही नाही साहेब,
जुनी गोष्ट आहे, एका राजाची.
खरं बोललो की घाबरलो,
अजून ठरलेलं नाही.

खुर्ची मेसमध्ये परत गेली.
जागा कमी पडली तरी तिच्यावर कुणी बसत नाही.
मी भुकटी पुसतो, भुकटी बसते.
एकच्या सुरुंगाला
ती जराशी हलते.